टायर बदलताना भेटलेला जनावरांचा डॉक्टर : जॉन बॉइड डनलॉप यांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात बोईसर-चिल्हार रस्त्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक आदळलं. आवाज जोरात आला, पण गाडी चालत राहिली, म्हणून मीही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पार्किंगमध्ये उतरल्यावर सहज खाली पाहिलं, तर टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आलेला. टायरच्या आत धाग्यांचे थर असतात. धक्क्याने ते तुटले की आतली हवा त्या जागी रबर बाहेर ढकलते, आणि फुगा दिसतो. पंक्चर काढता येतं, फुगा काढता येत नाही. असा टायर कधी फुटेल याचा नेम नाही.

बाकीचे तीन टायर पंचेचाळीस हजार किलोमीटर चाललेले, नक्षी जवळजवळ घासून गेलेली. म्हणजे चारही बदलायची वेळ आली होती.

आधी माझी गाडी सांगतो. आय-ट्वेंटी एन लाइन. १२० पीएसचं टर्बो इंजिन, आवाज छान, दिसायला रेसिंगवाली. पण काम घरगुती. मी राहतो पालघरला, नोकरी तारापूर एमआयडीसीत. सोमवार ते शनिवार एकटाच जातो-येतो. रविवारी मात्र बायको, मुलगी आणि आई. कधी चिंचणीचा समुद्र, कधी वाघोबा खिंडीतून मनोरला जाऊन पुढे हायवेने मुंबई. आईला कंबरदुखी आहे आणि ती मागच्या सीटवर बसते. त्यामुळे खड्डा कितीचा होता, हे मला स्टिअरिंगपेक्षा आधी मागून कळतं.

दुकानात गेलो तेव्हा समोर तीन पर्याय होते. एक, आहे तोच साइज : १९५/५५ आर १६. दोन, त्याच रिमवर थोडा रुंद आणि थोडा उंच : २०५/५५ आर १६. तीन, सतरा इंची नवीन अॅलॉय आणि त्यावर २०५/४५ आर १७. खरं सांगतो, माझं मन तिसऱ्यावरच होतं. रील बघून बघून डोक्यात तेच बसलं होतं. मोठं रिम, पातळ टायर, गाडी एकदम भारी दिसते. अॅलॉयचा फोटो काढून घरी दाखवायला नेला.

आईची डनलॉपची गादी

घरी बायकोला टायरच्या कंपन्यांची नावं सांगत होतो. आईला त्यातलं एकच ओळखीचं वाटलं, डनलॉप. पण तिच्या मते डनलॉप ही गादीची कंपनी. तिच्या लग्नात आलेली डनलॉपची गादी गावच्या घरी बरीच वर्षं होती. गादीवाल्यांनी टायर कधी काढले, असं तिला वाटलं.

मी हसलो, पण रात्री मोबाइलवर शोधलं. उलटं होतं. टायर आधी, गादी नंतर. रबराच्या चिकापासून फोम बनवायची पद्धत डनलॉप कंपनीच्या माणसांनी १९२९ च्या सुमारास काढली. तोपर्यंत ज्यांच्या नावाची ती कंपनी, ते जॉन बॉइड डनलॉप जाऊन आठ वर्षं झाली होती. आणि ते ना गादीवाले होते, ना टायरवाले. ते जनावरांचे डॉक्टर होते.

त्या रात्री त्यांची गोष्ट वाचत बसलो आणि सतरा इंची अॅलॉयचा विचार बदलत गेला. का, ते समजायला गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

शेतकऱ्याचा मुलगा, घोड्यांचा डॉक्टर

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. स्कॉटलंडमधल्या एअरशायर भागात ड्रेगहॉर्न नावाचं गाव आहे, तिथलं शेतकरी घराणं. आपण वेळेआधी जन्मलो, त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे, असं त्यांच्या मनात लहानपणापासून होतं. पुढे आयुष्यभर ते जपूनच राहिले. एडिंबराच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केलं आणि १८६७ मध्ये समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना मांडला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हनसन यांच्याशी लग्न झालं. एक मुलगी आणि एक मुलगा.

त्या काळी शहरातलं सगळं घोड्यांवर चालायचं. ट्राम, मालगाड्या, डॉक्टरची बग्गी, सगळं. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची कमी नव्हती. डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांपैकी एक झाला. नाल ठोकणारी डझनभर माणसं त्यांच्याकडे कामाला होती. चाळिशी उलटलेली, दाढीवाले, शांत, स्वतःच्या हाताने उपकरणं बनवायची आवड असलेले गृहस्थ, असं त्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. चाकांशी संबंध म्हणाल तर एवढाच, की त्यांचं आयुष्य गाड्या ओढणाऱ्या जनावरांमध्ये आणि दगडी रस्त्यांवर गेलं होतं. त्यांना स्वतःला सायकल चालवता येत नव्हती.

बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे. मध्ये ट्रामचे रूळ. आपल्याकडे उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून गाडी गेली की दात वाजतात ना, तसं. फरक एवढाच की त्या काळी चाकं लाकडाची किंवा लोखंडाची, आणि सायकलला फार तर भरीव रबराची पट्टी. धक्का मध्ये कुणी झेलतच नव्हतं. तो थेट माणसाच्या पाठीत जायचा.

अंगणातला प्रयोग

त्यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीन चाकी सायकल होती आणि दगडी रस्त्यावर ती फार आदळायची. बापाने मुलासाठी काहीतरी करायचं ठरवलं. एवढीच या शोधाची सुरुवात आहे. ना कंपनी, ना गुंतवणूकदार.

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये डनलॉप यांनी एक मोठी लाकडी चकती घेतली, साधारण ९६ सेंटीमीटर व्यासाची. पातळ रबराच्या पत्र्यापासून एक नळी बनवली. तिच्यावर कापड गुंडाळलं. हे कापड पत्नीच्या जुन्या कपड्यातलं होतं असं सांगतात. ते कापड खिळ्यांनी चकतीच्या कडेला पक्कं केलं आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. व्हॉल्व्ह वगैरे काही नाही. हवा भरली की तोंड बांधून टाकायचं.

मग त्यांनी तुलना केली. जॉनीच्या सायकलचं भरीव रबराचं चाक आणि हे हवेचं चाक, दोन्ही अंगणात हाताने ढकलून सोडली. सायकलचं चाक अंगण पार करण्याआधीच पडलं. हवेचं चाक थेट पलीकडे गेलं, फाटकाच्या खांबावर आपटलं आणि मागे उसळलं.

मला हा प्रयोग फार आवडला. आज आपण फोन घेताना बेंचमार्क बघतो, दोन फोन शेजारी ठेवून टेस्ट करतो. इथे एक जनावरांचा डॉक्टर अंगणात तेच करत होता, आणि उत्तर मिळालं ते त्याने विचारलेल्या प्रश्नापेक्षा मोठं होतं. त्याला धक्के कमी करायचे होते. चाक मात्र जास्त लांबही गेलं.

असं का झालं? भरीव चाकासमोर छोटा दगड आला की अख्खी गाडी, वर बसलेल्या माणसासकट, दगडाएवढी वर उचलली जाते आणि परत आदळते. प्रत्येक दगडावर ताकद वाया जाते. हवेच्या टायरमध्ये फक्त दगडाखालचा भाग आत दबतो, दगड टायर गिळून टाकतो आणि गाडी जवळपास सरळ पुढे जाते. म्हणजे आराम आणि वेग ही दोन वेगळी कामं नाहीत, हे त्या अंगणात दिसलं.

पुढे त्यांनी जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर लावले. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री पोरगा ती सायकल घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी पेटंटचा अर्ज झाला आणि ७ डिसेंबर १८८८ ला पेटंट मिळालं.

गाडी टायरवर नाही, हवेवर उभी असते

इथे जरा थांबून एक हिशोब करू, कारण पुढच्या सगळ्या निवडी यावर अवलंबून आहेत.

चौघं बसले की माझी गाडी साधारण १४०० किलोची होते. एका चाकावर अंदाजे ३५० किलो. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. ३५० ला २.३ ने भागा. उत्तर येतं साधारण १५० चौरस सेंटीमीटर. टायरची भिंत स्वतः थोडा भार उचलते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज हाच.

१५० चौरस सेंटीमीटर म्हणजे किती? तुमच्या हातातला मोठ्या स्क्रीनचा फोन जमिनीवर ठेवा. त्याहून थोडी जास्त जागा. एवढ्याशा जागेवर एक चाक रस्ता धरून असतं. चार चाकं म्हणजे चार-पाच फोन. ब्रेक, वळण, पावसातली पकड, आईची कंबर, सगळं त्या चार-पाच फोनएवढ्या जागेवर.

या हिशोबात रबराची किंमत, कंपनीचं नाव, अॅलॉयचं डिझाइन कुठेच नाही. भार हवा उचलते. टायर ही त्या हवेची पिशवी आहे. दाब कमी झाला की पिशवी जास्त दबते, प्रत्येक फेरीला भिंत जास्त वाकते, आणि वाकून वाकून तापते. उन्हाळ्यात हायवेला टायर फुटतात त्यामागे बऱ्याचदा कमी हवा हेच कारण असतं.

रेस जिंकली आणि जग बदललं

मुलाच्या आरामासाठी केलेली वस्तू शर्यतीत कशी गेली, ते आता बघू.

बेलफास्टमध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू होता, क्रूझर्स क्लबचा कॅप्टन. त्याने डनलॉप यांचे टायर लावलेली सायकल घेतली. १८ मे १८८९ ला क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत तो ती घेऊन उतरला. बाकीच्यांच्या सायकलींना बारीक भरीव टायर, याच्या सायकलला जाडजूड फुगलेले. लोक हसले. ह्यूमने त्या दिवशी चार शर्यतींत भाग घेतला आणि चारही जिंकल्या. नंतर इंग्लंडमध्ये लिव्हरपूललाही त्याने बहुतेक शर्यती मारल्या.

हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रॉस या डब्लिनच्या उद्योजकाचे मुलगे होते. ड्यू क्रॉस आयर्लंडच्या सायकल संघटनेचे अध्यक्ष होते. आपली पोरं हरली याचं वाईट वाटून न घेता त्यांनी टायर नीट पाहिला. १८८९ संपायच्या आत डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले आणि ते तिच्यात सहभागी झाले.

म्हणजे बघा, जगातला पहिला चालणारा हवेचा टायर एका घरातल्या पोरासाठी बनला आणि रेसच्या मैदानावर सिद्ध झाला. फॅमिली आणि स्पोर्टी, दोन्ही. मी ज्या गाडीसाठी टायर शोधत होतो, तिचं वर्णन हेच. आणि दोन्ही ठिकाणी काम केलं ते रिम आणि रस्ता यांच्यामधल्या हवेच्या जाड थराने.

पेटंट गेलं

१८९० मध्ये कंपनीच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. हवेच्या चाकाची कल्पना आधीच नोंदवलेली निघाली. रॉबर्ट विल्यम थॉमसन, तोही स्कॉटलंडचाच. त्याने १८४५ मध्ये, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचे असताना, इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं होतं. नंतर फ्रान्स आणि अमेरिकेतही. रबर लावलेल्या कापडाची हवेची नळी, वरून चामड्याचं आवरण. लंडनमध्ये त्याने ती चाकं बग्गीला लावून चालवूनही दाखवली होती.

मग ते चाललं का नाही? कारण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या. घोडागाडीसाठी एवढी महाग वस्तू कोण घेणार? थॉमसन १८७३ मध्ये वारला आणि कल्पना विसरली गेली. डनलॉप यांना त्याची माहिती नव्हती. त्यांनी स्वतःच्या अंगणात तोच शोध पुन्हा लावला. पण कायद्यात पहिला तो पहिला. डनलॉप यांचं मूळ पेटंट निकामी ठरलं.

त्यांच्या टायरला आणखी एक अडचण होती. तो रिमवर कायमचा चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं उचकटून काढायचं, आत पोचायचं, परत चिकटवायचं. बोईसरच्या पंक्चरवाल्याला असं काम सांगितलं तर तो हात जोडेल. १८९० मध्येच वेल्च आणि बार्टलेट या दोघांनी वेगवेगळ्या पद्धतीने टायर काढता-घालता येईल अशी सोय केली. वेल्चने टायरच्या कडेत तार घातली आणि रिमला खोलगट आकार दिला. दुकानात मशीनवर टायर चढवताना कडेची जी कडक गोल कड तुम्ही पाहता, ती या कल्पनेची पुढची पिढी आहे. ड्यू क्रॉस यांनी ही दोन्ही पेटंट विकत घेतली आणि कंपनी वाचली.

आपल्या साध्या सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, आत बारीक रबरी नळी असलेला, त्याला इंग्रजीत बरेच लोक डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. तोही खुद्द डनलॉप यांनी बनवलेला नाही. वुड्स नावाच्या माणसाचा तो आहे.

नाव राहिलं, कंपनी गेली

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १८९६ ला, ती कंपनी टेरा हूली नावाच्या दलालाने तीस लाख पौंडांना घेतली आणि मग पन्नास लाख पौंडांची नवीन कंपनी म्हणून बाजारात आणली. नाव लावलं डनलॉप न्यूमॅटिक टायर कंपनी. ज्याचं नाव, तो आदल्या वर्षीच निघून गेला होता. त्या पैशाच्या लाटेतलं फारसं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

१८९५ मध्येच फ्रान्समध्ये मिशलिन भावांनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार पळवली. वाटेत पंक्चरवर पंक्चर, पण मोटार हवेवर चालते हे दिसलं. जगभर रबराची मागणी भडकली. या यशाची एक काळी बाजूही आहे. आफ्रिकेतल्या काँगोमध्ये बेल्जियमच्या राजाच्या राज्यात जंगलातलं रबर गोळा करायला लोकांवर भयंकर जुलूम झाला, असंख्य माणसं मेली. मुलाच्या आरामासाठी केलेली वस्तू कुठे जाऊन पोचेल, हे बेलफास्टच्या अंगणात कुणाला दिसणार होतं?

डनलॉप डब्लिनला राहिले. कापडाच्या एका व्यवसायात त्यांचा भाग होता. म्हातारपणी एक विचित्र प्रसंग आला. कंपनी जाहिरातीत त्यांचं चित्र वापरायची, पण त्यात त्यांना छानछोकी, नटव्या माणसासारखं रंगवलेलं. साध्या राहणीच्या माणसाला ती स्वतःची थट्टा वाटली आणि ते आपल्याच नावाच्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. २३ ऑक्टोबर १९२१ ला, एक्क्याऐंशीव्या वर्षी, डब्लिनमध्ये ते वारले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मुलीने नंतर छापला.

भारतात त्यांच्या नावाचा कारखाना पश्चिम बंगालमध्ये साहागंजला १९३६ मध्ये सुरू झाला. आपल्या आजोबांच्या पिढीला ट्रकच्या, बसच्या टायरचं नाव म्हणजे डनलॉप. तो कारखाना आता बंद आहे.

परत दुकानात

रविवारी परत दुकानात गेलो, पण या वेळी कागदावर हिशोब करून. टायरच्या नंबरमधून भिंतीची उंची काढता येते. १९५/५५ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, भिंत तिच्या ५५ टक्के. उत्तर १०७ मिलिमीटर. २०५/४५ ची भिंत ९२ मिलिमीटर. सतरा इंची अॅलॉय लावलं असतं तर खड्डा आणि रिम यांच्यामधली पंधरा मिलिमीटर हवा मी पैसे देऊन कमी केली असती. गुळगुळीत रस्त्यावर पातळ भिंतीचा टायर वळणात जास्त चपळ वाटतो, हे खरं आहे. पण माझ्या रोजच्या रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रेलर आणि टँकर चालतात, पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली लपतो, आणि १०७ मिलिमीटर असतानाही मला फुगा आला होता.

२०५/५५ चं गणितही केलं. चाकाचा व्यास ६२१ वरून ६३२ मिलिमीटर होतो, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास १०२ ने चाललेली असेल. फार मोठी गोष्ट नाही, पण माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तो साइज नव्हता, आणि मला त्यातून फार काही मिळतही नव्हतं. मूळ साइज ठरला.

मग उरलेली निवड अशी केली. तुमच्याही उपयोगाची आहे :

१. भार आणि वेगाचा कोड. साइजच्या पुढे ८७व्ही असं काहीतरी असतं. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलतो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०. एवढ्या वेगाने कुणी जायचं नाही, पण कंपनीने दिलेल्या कोडच्या खालचा टायर घेऊ नका.

२. जन्मतारीख. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी जुनं होतं. मला पहिल्यांदा दाखवलेल्या चार टायरांपैकी दोन बरेच जुने होते. मी नम्रपणे परत ठेवायला लावले.

३. ओल्या रस्त्यावरची पकड. जास्त किलोमीटर चालणारं रबर सहसा कडक असतं, पकड देणारं मऊ. दोन्ही पूर्ण मिळत नाही. आमच्याकडे चार महिने पाऊस, म्हणून मी पकड निवडली. हे टायर पंचेचाळीस हजार जाणार नाहीत, हे मान्य करूनच.

४. नक्षी किती उरली. कायद्याने १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पाणी बाहेर फेकायचं काम त्याआधीच मंदावतं. मी ३ मिलिमीटरलाच बदलायचं ठरवलं आहे.

५. दोनच बदलायचे असतील तर नवीन मागे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरी. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते.

६. नायट्रोजन. हवेत तो आधीच ७८ टक्के असतो. भरला तर वाईट काही नाही, पण दाब तपासायचा कंटाळा त्याने भरून निघत नाही. दाब किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि तो टायर थंड असताना मोजायचा.

टायर चढवून बॅलन्सिंग आणि व्हील अलाइनमेंट करून घेतलं. डनलॉप नावाचा टायर माझ्या साइजमध्ये त्या दुकानात नव्हता, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा घेतला. आईला गाडीत बसवून परत त्याच चिल्हार रस्त्याने एक फेरी मारली. गाडी मूळच्यासारखीच दिसते, कुणी वळून बघत नाही. आई मात्र मासवणपर्यंत गप्प होती, आणि ती गप्प असणं हा माझ्यासाठी सगळ्यात चांगला रिव्ह्यू.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी कुठे न्यायच्या आधी, मी चारही चाकांचा दाब बघतो. मुलगी तिच्या सायकलचा पंप घेऊन शेजारी बसते. जॉनीची गोष्ट तिला सांगितली आहे. फाटकावर आपटून उसळलेल्या चाकाचा भाग तिला परत परत ऐकायचा असतो.

तुम्ही आज खाली उतरलात की एवढंच करा. फोनचा टॉर्च लावा, टायरच्या भिंतीवर ते चार आकडे शोधा आणि भिंतीवर कुठे फुगा नाही ना, ते हात फिरवून बघा. मागच्या आतल्या बाजूलाही. दोन मिनिटांचं काम आहे. भेटू पुढच्या लेखात.